शशांक ते ‘स सशाचा’ : मराठी कथा-चित्रपरंपरेतील सशाच्या रूपांतराची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी बालकाला अक्षरओळखीच्या तक्त्यावर जे प्राणी प्रथम भेटतात, त्यांत ससा हा एक होय. ‘स सशाचा’ हे शब्द कानी पडतात आणि त्याच क्षणी एक चित्र डोळ्यांसमोर येते. शुभ्र पांढरे अंग, तांबडे डोळे, उभे लांब कान आणि पुढ्यात बहुधा एक गाजर. हे चित्र इतके परिचित आहे की त्याची चिकित्सा करावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. बालसाहित्याची समीक्षा प्रामुख्याने संहितेची झाली. संहितेसोबत छापल्या जाणाऱ्या चित्राकडे सजावट म्हणूनच पाहिले गेले. वास्तविक लहान मूल आधी चित्र वाचते आणि अक्षर नंतर. त्यामुळे चित्राने दिलेले ज्ञान अक्षराने दिलेल्या ज्ञानापेक्षा अधिक खोल रुजते.

प्रस्तुत लेखात सशाच्या प्रतिमेचा भाषा, प्राचीन कथा, लोककथा, शालेय वाङ्मय आणि पुस्तकचित्रे अशा पाच अंगांनी विचार केला आहे. या प्रवासात सशाच्या दोन गोष्टी बदलल्या, असे दिसून येते. एक, त्याचा स्वभाव. आणि दोन, त्याचा रंग. चतुर, उदार आणि प्रसंगी शूर असलेला ससा भित्रा व गर्विष्ठ झाला. आणि महाराष्ट्राच्या माळरानावरील करडा-तपकिरी ससा पुस्तकातून हद्दपार होऊन त्याच्या जागी एक परका पांढरा प्राणी आला. यांपैकी पहिल्या बदलाची थोडीफार जाणीव अभ्यासकांना आहे. दुसऱ्याची मात्र जवळजवळ नाही, आणि तोच अधिक दूरगामी आहे.

१. शब्दातील ससा

मराठी ‘ससा’ हा संस्कृत ‘शश’ या शब्दाचा प्राकृतमार्गे आलेला वंशज आहे. संस्कृत धातुपाठात ‘शश्’ हा धातू उड्या मारीत जाण्याच्या अर्थाने दिला आहे. म्हणजे भारतीय व्याकरणपरंपरेने या प्राण्याची ओळख त्याच्या गतीवरून केली. तौलनिक भाषाशास्त्राची उपपत्ती वेगळी आहे. तिच्यानुसार ‘शश’, इंग्रजी ‘हेअर’ आणि जर्मन ‘हाझे’ हे शब्द एकाच मूळ शब्दाचे वंशज असून त्या मुळाचा अर्थ ‘करडा’ असा आहे. ही उपपत्ती स्वीकारली तर सशाच्या नावातच त्याचा रंग दडलेला आहे, आणि तो पांढरा नाही.

मराठीच्या शब्दभांडारात ससा तीन निरनिराळ्या भूमिकांत वावरतो. ‘शशांक’, ‘शशी’, ‘शशधर’ या तत्सम शब्दांत तो चंद्राची ओळख आहे. ‘सशाचे शिंग’ किंवा ‘शशशृंग’ या दृष्टान्तात तो अत्यंत असंभाव्य वस्तूचे उदाहरण आहे. न्याय आणि वेदान्त या दर्शनांच्या चर्चेत हा दृष्टान्त वारंवार येतो आणि भर्तृहरीच्या शतकांच्या वामनपंडितकृत मराठी अवतारामुळे तो मराठी रसिकांच्याही ओळखीचा झाला. ‘सशाचे काळीज’ आणि ‘ससेहोलपट’ या बोलीतल्या शब्दांत मात्र तो पाठलाग होणारा, जीव घेऊन पळणारा प्राणी आहे. यांतील ‘ससेहोलपट’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने जी शिकार, ती सशाच्या दृष्टीने होलपट. मराठीने या ठिकाणी सशाची बाजू घेतली आहे. ज्याला दारोदार फिरावे लागते, ज्याला कोठेच थारा मिळत नाही, अशा माणसाच्या दुःखासाठी भाषेने सशाचा अनुभव उसना घेतला.

येथे एका गैरसमजाचा निर्देश आवश्यक आहे. ‘ससेमिरा’ या शब्दातही ससा असावा, असे वरवर पाहता वाटते. परंतु हा शब्द सिंहासनबत्तिशीच्या परंपरेतील कथेतून आलेला आहे. विश्वासघाताच्या पापामुळे बुद्धिभ्रंश झालेला राजपुत्र ‘स-से-मि-रा’ ही चार अक्षरे सतत उच्चारत राहतो आणि त्या प्रत्येक अक्षराने आरंभ होणारे चार श्लोक ऐकल्यावर तो शुद्धीवर येतो. या शब्दात ससा नाही. ध्वनीच्या साम्याने डोळ्यांसमोर ससा उभा राहतो एवढेच. दिसते ते आणि असते ते यांतील हे अंतर पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

२. चंद्रावरील चित्र

चंद्रावर ससा का दिसतो, याचे सर्वांत हृद्य उत्तर पाली जातकसंग्रहातील ३१६ क्रमांकाच्या ससजातकात आहे. रानात ससा, माकड, कोल्हा आणि पाणमांजर असे चार मित्र राहतात. उपोसथाच्या दिवशी दारी येणाऱ्या याचकाला दान द्यायचे, असे ते ठरवतात. इतर तिघांना काही ना काही अन्न मिळते. सशाजवळ गवताखेरीज काही नसते आणि गवत तर माणसाला देता येत नाही. ब्राह्मणाच्या वेषात शक्र येतो, तेव्हा ससा त्याला अग्नी पेटवावयास सांगतो आणि स्वतःचेच शरीर अर्पण करण्यासाठी त्यात उडी घेतो. उडी घेण्यापूर्वी तो तीन वेळा अंग झाडतो, कारण केसांत दडलेले किडे आपल्याबरोबर जळू नयेत, अशी त्याची इच्छा असते. अग्नी त्याला जाळत नाही. तो हिमासारखा थंड राहतो. मग शक्र एक पर्वत पिळून त्याच्या रसाने चंद्रबिंबावर सशाची आकृती रेखाटतो. आर्यशूराच्या ‘जातकमाले’तही ही कथा आहे.

कलासमीक्षेच्या दृष्टीने या कथेचा शेवट फार महत्त्वाचा आहे. चंद्रावर ससा स्वतः जाऊन बसलेला नाही. तेथे त्याचे चित्र आहे. शक्र हा चित्रकार, पर्वताचा रस ही शाई आणि चंद्रबिंब हा फलक. अग्नीत शिरण्यापूर्वी किड्यांचा विचार करणाऱ्या जीवाची आठवण कल्पान्तापर्यंत राहावी, एवढ्यासाठी हे चित्र काढले गेले. आणखी एक बाब सहज निसटते. हे चित्र पांढऱ्या फलकावर गडद रेषेत काढलेले आहे. चंद्र शुभ्र आहे, ससा नव्हे. पुढे अभिजात संस्कृत काव्याने याच खुणेला ‘कलंक’ मानले आणि सन्मानचिन्हाचे रूपांतर लांछनात झाले. तरीही ती खूण गडदच राहिली.

चंद्रावरील ससा ही केवळ भारताची कल्पना नाही. चीनमध्ये तो चंद्रावर औषध कुटतो, जपानमध्ये तांदळाचे मोची कुटतो. २०१३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या चिनी बग्गीला ‘युतू’, म्हणजे जेड ससा, हे नाव देण्यात आले. तुनह्वांगच्या बौद्ध लेण्यांत सुई राजवटीच्या काळातील (५८१–६१८) छतांवर तीन ससे वर्तुळात धावताना दाखवले आहेत. कान एकूण तीनच, पण प्रत्येक सशाला दोन कान आहेत असा भास होतो. हीच आकृती पुढे युरोपातील चर्चमध्येही आढळते. ‘शश्’ धातूतील उडी आणि डोळ्यांना फसवणारी प्रतिमा या दोन्ही गोष्टी त्या वर्तुळात एकत्र आल्या आहेत.

जैन परंपरेने सशाला दिलेले स्थानही विसरता येत नाही. ज्ञाताधर्मकथेतील मेघकुमाराच्या पूर्वजन्मकथेत वणव्याच्या वेळी सर्व प्राणी एका मोकळ्या जागी दाटीने उभे असतात. हत्ती अंग खाजवण्यासाठी पाय उचलतो आणि त्या रिकाम्या जागी एक ससा येऊन बसतो. सशाला इजा होऊ नये म्हणून हत्ती अडीच दिवस पाय उचललेलाच ठेवतो आणि त्यातच त्याचा अंत होतो. बौद्ध कथेत ससा करुणेचा कर्ता आहे, जैन कथेत तो करुणेचा विषय आहे. दोन्ही ठिकाणी त्याच्या लहानपणाला नैतिक वजन आहे. त्याची टवाळी कोठेही नाही.

३. प्रतिबिंब जाणणारा ससा

पंचतंत्रातील ससा त्यागी नसून राजनीतिज्ञ आहे. पहिल्या तंत्रात तो भासुरक सिंहाला विहिरीत त्याचेच प्रतिबिंब दाखवून ठार करतो. तिसऱ्या तंत्रात हत्तींच्या कळपाने सरोवरकाठचे ससे चिरडले जाऊ लागतात, तेव्हा एक ससा चंद्राचा दूत बनून गजराजाकडे जातो आणि पाण्यात थरथरणारे चंद्रबिंब दाखवून ‘भगवान चंद्र रागावले आहेत’ असे त्याला पटवतो. हत्ती नमस्कार करून निघून जातो.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की त्यांचा समान गाभा ध्यानात येतो. दोन्ही ठिकाणी सशाचे शस्त्र प्रतिबिंब हेच आहे. सिंह प्रतिमेला शत्रू समजतो, हत्ती प्रतिमेला देव समजतो. प्रतिमा ही प्रतिमाच आहे, हे एकट्या सशाला कळते. बलवान आणि दुर्बल यांच्यातील खरा फरक या कथांत शरीराचा नसून पाहण्याचा आहे. चंद्रावर ज्याचे चित्र आहे तोच प्राणी चित्राचा जाणकार असावा, हा योगायोग मानला तरी अर्थपूर्ण आहे.

ही कथा पहलवी भाषेतून अरबीत गेली आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने तिला ‘कलीला व दिम्ना’ हे रूप दिले. तेराव्या शतकापासूनच्या तिच्या सचित्र हस्तलिखितांत सिंह व ससा विहिरीत डोकावत आहेत, हा प्रसंग चित्रकारांच्या विशेष आवडीचा दिसतो. तिचाच फार्सी अवतार असलेल्या ‘अन्वार-इ-सुहैली’ची अकबराच्या काळातील, १५७० ची, सचित्र प्रत आज लंडनमध्ये आहे. चित्रकारांना हा प्रसंग का भावला असावा, हे समजण्यासारखे आहे. चित्रात चित्र काढण्याची, प्रतिबिंबाचीच प्रतिमा करण्याची संधी त्यात आहे.

पंचतंत्रकाराचे निसर्गनिरीक्षण मात्र निर्दोष नाही. हत्ती-सशांच्या कथेत सशांची बिळे मऊ जमिनीत असल्याचे वर्णन येते. भारतीय ससा बीळ खोदत नाही. तो गवतातल्या उथळ खळग्यात दबून बसतो. म्हणजे सशाविषयीचे अज्ञान केवळ आधुनिक काळाचे आहे, असे म्हणता येणार नाही. फरक एवढाच की जुन्या संहितेतील ही चूक कथेच्या ओघात येते व जाते. आधुनिक चित्रातील चूक ही डोळ्यांसमोर कायम उभी राहते.

४. लोककथेतील उलटा पाठलाग

महाराष्ट्राच्या लोकपरंपरेत सशाच्या शौर्याची एक प्रसिद्ध कथा चंद्रपूरच्या स्थापनेशी निगडित आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याला त्वचेच्या व्याधीतून झरपट नदीच्या पाण्याने आराम पडला, अशी आख्यायिका आहे. त्याच परिसरात फिरत असताना त्याला एक अद्भुत दृश्य दिसते. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करीत असतो. राणी हा शुभशकुन मानते आणि त्या पाठलागाच्या मार्गावर तटबंदी घालून नगर वसवावे, असे सुचवते. कथेच्या अखेरीस कुत्रा सशाला मारतो, आणि जेथे ससा पडला तेथे नगराला नेहमी धोका राहील, असा इशाराही राणी देते.

कुत्र्यावर उलटणाऱ्या सशाची कथा विजयनगर आणि अहमदाबाद या नगरांविषयीही सांगितली जाते. म्हणजे हा एक भारतव्यापी कथाघटक आहे. त्याचा अर्थ स्पष्ट आहे: ज्या भूमीवर ससा कुत्र्यावर धावून जातो, त्या भूमीत दुर्बलालाही बळ देण्याचा गुण आहे. चंद्रपूरच्या कथेचे वैशिष्ट्य असे की ती सशाचे मरण लपवीत नाही. शौर्य आणि मरण ही दोन्ही स्थळे ती तटाच्या रेषेत नोंदवते. चंद्रावर जसे सशाचे चित्र आहे, तसे येथे सशाच्या धावेचेच चित्र जमिनीवर नगराच्या रूपाने काढले गेले. आणि या सशाच्या अंगी पांढरे होते ते फक्त कपाळावरील एका ठिपक्यापुरते, म्हणूनच तर ती खूण ठरली.

५. शालेय वाङ्मय आणि स्वभावातील बदल

मराठी मुद्रित गद्याच्या प्रारंभकाळात दोन कथापरंपरा एकत्र आल्या. श्रीरामपूरच्या छापखान्यातून वैजनाथ पंडितांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये आणि ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास ‘इसापनीतिकथा’ मराठीत आणली. शालेय शिक्षणाचा विस्तार झाला तसतशी इसापाची नीतिकथा वर्गाच्या अधिक सोयीची ठरली. पंचतंत्रातील कथा कथेत कथा गुंफणारी, व्यवहाराचा गुंता मांडणारी. इसापाची कथा आटोपशीर आणि शेवटी एका वाक्याचे तात्पर्य देणारी. परीक्षेत तात्पर्य विचारता येते, गुंता विचारता येत नाही.

यातून ससा-कासवाची शर्यत मराठी बालमनाची स्थायी ठेव झाली. बालगीतातूनही ती घरोघरी पोचली. या कथेतील ससा गर्विष्ठ आहे आणि वाटेत झोपल्यामुळे हरतो. कासवाच्या चिकाटीचे मूल्य मान्य करूनही एक गोष्ट नमूद करावी लागते. ससा मुख्यतः संधिकाळी व रात्री वावरणारा प्राणी आहे. दिवसा झुडपाच्या आडोशाला विसावणे हा त्याचा नित्यक्रम आहे. ज्याला तात्पर्यकारांनी आळस व गर्व म्हटले, तो त्या प्राण्याचा जीवनधर्म आहे.

‘भित्रा ससा’ या नावाने सर्वपरिचित असलेल्या कथेचे रूपांतर याहून बोलके आहे. अंगावर पान पडते, ससा ‘आभाळ कोसळले’ म्हणून पळत सुटतो आणि सारे रान त्याच्यामागे धावते. या कथेचे जुने रूप ३२२ क्रमांकाच्या दद्दभजातकात आहे. तेथे ताडाच्या पानावर बेलफळ पडल्याचा आवाज होतो. सिंहरूपातील बोधिसत्त्व धावणाऱ्या प्राण्यांना थांबवतो, प्रत्येकाला ‘तू स्वतः पाहिलेस काय?’ असे विचारीत मूळ सशापर्यंत पोचतो आणि त्याला घेऊन त्या जागेची पाहणी करतो. जातकाचा रोख सशाच्या भित्रेपणावर नाही. शहानिशा न करता धावणाऱ्या समूहावर आहे. मराठी शालेय रूपात ‘भित्रा’ हे विशेषण शीर्षकात गेले आणि चौकशीची पद्धत मागे पडली. ऐकीव वार्तेने समूह बिथरण्याचे प्रकार वाढलेल्या काळात कथेचा नेमका कामाचा भाग गळून पडावा, ही खेदाची बाब म्हणावी लागेल.

सशाच्या कर्तेपणाचा हा ऱ्हास चित्रकथांतही दिसतो. १९८० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘टिंकल’ या नियतकालिकातील कालिया कावळ्याच्या कथांत किचू आणि मीचू ही सशांची जोडी आहे. चमटका कोल्हा त्यांच्यावर टपलेला असतो आणि प्रत्येक वेळी कालिया त्यांना वाचवतो. चातुर्य कावळ्याकडे गेले. सशाकडे उरले ते वाचवले जाणे. या कथा रंजक आहेत, यात वाद नाही. परंतु ज्या सशाने सिंहाला विहीर दाखवली, त्याच्याच वंशजाला आता कोल्ह्यापासून सुटण्यासाठी दुसऱ्याच्या बुद्धीवर विसंबावे लागते.

६. रंगातील बदल : रानससा आणि पांढरा ससा

स्वभावातील बदल संहितेत घडला. रंगातील बदल चित्रात घडला. महाराष्ट्रात निसर्गतः आढळणारा ससा म्हणजे ‘लेपस निग्रिकॉलिस’, काळ्या मानेचा भारतीय ससा. त्याचे अंग करडे-तपकिरी, त्यात काळ्या केसांची मिसळ, मानेमागे काळा पट्टा आणि पोटाकडचा भाग पांढरा. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. पाळीव पांढरा ससा हा ‘ओरिक्टोलेगस क्युनिक्युलस’ या वेगळ्या प्रजातीचा, मूळ युरोपातला प्राणी. तो रानात बीळ करून राहतो आणि त्याची पिल्ले आंधळी व केसहीन जन्मतात. तांबड्या डोळ्यांचा पांढरा ससा हा तर रंगद्रव्याच्या अभावातून निर्माण झालेला व माणसाने जोपासलेला प्रकार आहे. हिंदुस्थानच्या रानात हा प्राणी मुळात नाही.

इंग्रजीत या दोहोंना ‘हेअर’ आणि ‘रॅबिट’ अशी दोन नावे आहेत. मराठीत दोन्ही ‘ससा’च. फार तर ‘रानससा’ असा भेद बोलण्यात केला जातो. नाव एकच असल्यामुळे चित्रकाराला दोहोंतील कोणताही एक निवडण्याची मुभा मिळाली आणि छापील नमुने जे हाताशी होते, त्यांनी ही निवड निश्चित केली. जॉन टेनिएलने १८६५ मध्ये ॲलिसच्या कथेसाठी कोट घातलेला पांढरा ससा काढला. बिएट्रिक्स पॉटरचा पीटर १९०२ मध्ये बाजारात आला. तो तपकिरी असला, तरी बिळात राहणारा ‘रॅबिट’च होता. इंग्रजी सचित्र पुस्तकांतून घडलेली ही दृष्टी मराठी तक्त्यांत, अंकलिप्यांत आणि गोष्टींच्या पुस्तकांत उतरली. पंचतंत्र आणि जातक यांच्या मराठी आवृत्त्यांतही सिंहासमोर उभा राहणारा ससा बहुधा पांढराच असतो. संहिता भारतीय आणि चित्र युरोपीय, असा हा संकर आहे.

पाश्चात्त्य चित्रकलेत रानसशाचे गांभीर्याने केलेले चित्रणही आहे, याचा येथे निर्देश करणे उचित ठरेल. आल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ मध्ये रंगवलेला ससा आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. तपकिरी अंगावरील केसांच्या दिशा, कानांची ठेवण आणि दबून बसण्याची सावध मुद्रा त्याने अशा निष्ठेने टिपली आहे की प्राण्याचे भय आणि प्रतिष्ठा एकाच वेळी जाणवतात. तेव्हा दोष पाश्चात्त्य प्रभावाचा नाही. न पाहता नक्कल करण्याचा आहे. मराठी पुस्तकचित्रकाराने ड्यूररकडून पाहणे घेतले असते, तर त्याला माळावरचा ससा दिसला असता. त्याने मात्र तयार आकृती घेतली.

याचा परिणाम केवळ सौंदर्यविषयक नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने भारतीय सशाला संरक्षण दिले. त्याची शिकार व विक्री बेकायदेशीर आहे. पांढरा ससा मात्र पाळीव प्राण्यांच्या दुकानांत राजरोस विकला जातो. ज्या मुलाला पुस्तकातून पांढरा ससाच ठाऊक आहे, त्याच्या लेखी ससा म्हणजे पिंजऱ्यातला प्राणी. माळरान नष्ट झाल्याने ज्याचा निवारा जातो, तो ससा त्याच्या कल्पनेतच नाही. ज्याचे चित्र नाही, त्याच्या नाहीसे होण्याची खंतही वाटत नाही.

७. अँटॉप हिल : चित्राची जबाबदारी

या प्रश्नाचे गांभीर्य महानगरात अधिक स्पष्ट होते. ग्रामीण भागातील मुलाला पुस्तकातील पांढऱ्या सशाला शेताच्या बांधावरून पळणारा तपकिरी ससा उत्तर देऊ शकतो. मध्य मुंबईतील अँटॉप हिलसारख्या वस्तीत ही दुरुस्ती संभवत नाही. वडाळा आणि शीव यांच्यामध्ये वसलेल्या या भागात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची विस्तीर्ण वसाहत आहे, दाट झोपडवस्त्या आहेत आणि ‘कोकरी आगर’ या नावात जुन्या मिठागरांची आठवण शिल्लक आहे. येथील मुलापुढे ससा येतो तो चित्रातून. रानससा मुंबईच्या हद्दीत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे. पण रात्री वावरणारा तो प्राणी शाळेच्या सहलीला दिसेल, याची शक्यता कमीच. अशा ठिकाणी चित्र हाच एकमेव पुरावा असतो आणि म्हणून चित्राची जबाबदारीही सर्वाधिक असते.

या परिसराचे बहुभाषिक स्वरूप प्रश्नाला आणखी एक पदर जोडते. येथे मराठी ‘ससा’, गुजराती ‘ससलुं’, हिंदी ‘खरगोश’ आणि तमिळ ‘मुयल’ हे शब्द शेजारी-शेजारी नांदतात. ‘ससा’ व ‘ससलुं’ हे ‘शश’चे वंशज, ‘खरगोश’ हा गाढवासारख्या कानांवरून पडलेला फार्सी शब्द, तर ‘मुयल’ हा द्राविड. प्रत्येक शब्दाने प्राण्याकडे वेगळ्या वाटेने पाहिले आहे. परंतु चारही भाषांतील मुले ज्या तक्त्याकडे पाहतात, त्यावरील चित्र एकच असते. भाषांनी जपलेले वैविध्य चित्राने सपाट केले, असे म्हणता येईल. ‘अँटॉप’ हे नाव अंतोबा नामक जमीनमालकावरून आले असावे, असे मानले जाते. उच्चाराच्या इंग्रजी वळणाखाली अंतोबा जसा ओळखू येईनासा झाला, तसाच पांढऱ्या चित्राखाली ‘शश’ झाकला गेला.

तथापि याच वस्तीत सशाचे एक अस्सल चित्र वर्षातून एकदा तरी सर्वांना उपलब्ध असते. कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटवताना लोक चंद्राकडे पाहतात. त्या बिंबावरील गडद आकृती कोणत्याही छापखान्यातून आलेली नाही. ती पांढरीही नाही. मुलाला ‘तो बघ ससा’ असे सांगताना ससजातकातील उदार जीवाची कथा सांगण्याची संधी त्या क्षणी मिळते; ती बहुधा दवडली जाते, कारण सांगणाऱ्याच्याही मनात पांढरा ससाच असतो.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. सशाची भारतीय प्रतिमा मूलतः त्याग, चातुर्य आणि प्रसंगी शौर्य यांनी घडलेली आहे. भित्रेपणा व गर्व ही तिची उत्तरकालीन आणि मुख्यतः शालेय रूपे आहेत. चित्रपरंपरेने संहितेशी विसंगत असा परका प्राणी तिच्यावर लादला आणि भाषेत नाव एकच असल्यामुळे ही अदलाबदल ध्यानात आली नाही. बालसाहित्याच्या समीक्षेने चित्राला संहितेइतकेच तपासणीचे क्षेत्र मानले पाहिजे.

अध्यापनाच्या पातळीवर याचे सोपे उपयोजन शक्य आहे. भाषेच्या वर्गात दद्दभजातक व ‘भित्रा ससा’ शेजारी ठेवून वाचता येतील. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पंचतंत्राच्या सचित्र आवृत्तीतील प्राण्यांची ओळख पटवण्याचे काम देता येईल. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला काळ्या मानेचा ससा प्रत्यक्ष नोंदींवरून काढावयास सांगता येईल. पांढरा ससा पुस्तकातून हाकलावा, असा याचा अर्थ नाही. पाळीव प्राण्याच्या गोष्टीत तो शोभतोच. पण सिंहाला विहिरीपर्यंत नेणारा आणि चंद्रावर रेखाटला गेलेला ससा तो नव्हे, एवढे वाचकाला कळले पाहिजे.

पंचतंत्रातील गजराज पाण्यातल्या बिंबाला चंद्र समजून नमस्कार करून परतला. त्याची फसवणूक झाली, कारण त्याने एकदाही मान वर करून आकाशाकडे पाहिले नाही. अक्षरतक्त्यावरील सशाकडे पाहणाऱ्या शिक्षकाने आणि समीक्षकाने निदान तेवढे करणे अपेक्षित आहे.